रोजचा कोरोनाचा आकडा: पाहायचा कसा, विचारायचं काय?

संख्यारेखा (धागाकर्ती) | २६ एप्रिल २०२०, रात्री १०:१५

आज संध्याकाळी राज्याचा आकडा आला, नवे रुग्ण ४४०. तासाभरात सगळ्या ग्रुपांवर "निम्म्यावर आला, देवाची कृपा" सुरू झालं. काल ८११ होते तेव्हा याच ग्रुपांवर "आता मुंबई हाताबाहेर गेली" म्हणत होते. परवा ३९० च्या आसपास, तेरवा ७७८, त्याच्या आदल्या दिवशी ४३१. म्हणजे आठवडाभर लोक एक दिवस रडतायत आणि एक दिवस सुटकेचा श्वास टाकतायत.

मी डॉक्टर नाही. नाशिकला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे एवढं सांगू शकते की साथ अशी एक दिवसाआड निम्मी-दुप्पट होत नसते. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस जातात, काहींना चौदाही. मग माणूस एक-दोन दिवस अंगावर काढतो, मग दवाखाना, मग स्वॅब, मग अहवाल. आज संध्याकाळी आपण जो आकडा वाचला तो आठ-दहा दिवसांपूर्वी काय घडलं त्याचा आहे. या महिन्यात हातात पडलेलं विजेचं बिल मागच्या महिन्याच्या वापराचं असतं, तसंच हे. आज दिवा बंद केला म्हणून आजचं बिल कमी येत नाही. वरखाली उड्या मारतात ते अहवाल, आजार नव्हे.

राज्याच्या रोजच्या पत्रकात आणखी एक ओळ असते, ती कोणी फॉरवर्ड करत नाही. आजवर तपासलेले नमुने सुमारे १ लाख १६ हजार, त्यांतले पॉझिटिव्ह ८,०६८. शंभरात सातच्या आसपास. हे प्रमाण वाढतंय का घटतंय ते आठवडाभर बघा, नुसत्या ४४० पेक्षा जास्त कळेल. २० तारखेला केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की रुग्ण दुप्पट व्हायला लॉकडाऊनआधी ३.४ दिवस लागत होते, आता ७.५ लागतायत. तेही एका दिवसाच्या उडीपेक्षा बरं माप आहे, कारण ते बऱ्याच दिवसांचं मिळून निघतं. अर्थात तपासण्याच अपुऱ्या असतील तर तेही फसवं.

धागा काढायचं खरं कारण मात्र वेगळं. आकडा आला की आपल्याकडे पहिला प्रश्न "कोण आहे तो?" असा असतो. "किती तपासण्यांतून?" असं कोणी विचारत नाही. या सवयीने माणसांचं फार नुकसान होतंय. तुमच्या भागात आकडा आल्यावर लोक काय करतात ते लिहा. माहितीतली चूक दिसली तर जरूर दाखवा.

खाडीपलीकडे | २६ एप्रिल, रात्री ११:४०

रेखाताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी डोंबिवलीत राहतो. रोज बातमीत वय, स्त्री की पुरुष आणि भाग येतो. "४२ वर्षे, पुरुष, पूर्व" एवढ्या ओळीवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शोधमोहीम सुरू होते. कोण बेस्टमध्ये आहे, कोण वॉर्डबॉय आहे, कोण पोलीस, कोण मुंबईत बँकेत जातं. शेवटी कुणाच्या तरी नावावर बोट ठेवतातच. मागच्या आठवड्यात शेजारच्या विंगमधल्या एका नर्सताईंना "काही दिवस तिकडेच राहा" असं सांगितलं. त्यांचा अहवाल निगेटिव्ह होता, कागद दाखवला तरी ऐकेनात. त्यांच्या मुलीने दारात दूधपिशवी ठेवलेली बघून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात सॅनिटायझर मारला, पोरीच्या देखत.

२२ मार्चला याच गॅलरीतून याच लोकांनी थाळ्या वाजवल्या होत्या. मला हे सहन होत नाही.

थंडपेटी | २७ एप्रिल, पहाटे ५:०५

ड्यूटी संपवून वाचतोय. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आकडा कुठून येतो ते सांगतो.

सुरुवातीला राज्यात ही तपासणी पुण्याची एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं इंदिरा गांधी मेडिकल, एवढ्याच ठिकाणी होती. आता प्रयोगशाळा वाढल्यात, पण नमुने त्याहून वाढलेत. नाका-घशातला स्वॅब घेतला की काडी मोडून नळीत टाकतात, त्यात गुलाबीसर द्रव असतो. नळी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बर्फाच्या पेटीत. तालुक्यांतल्या पेट्या संध्याकाळी येतात. पहिलं काम, नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळवणं. एकाच गावचे, एकाच आडनावाचे आठ नमुने आणि त्यात दोघांचं पहिलं नावही एक, असं होतं. वय जुळेना की त्या गावच्या आरोग्यसेविकेला फोन. तिने उचलला तर ठीक, नाही तर नमुना बाजूला.

मग कॅबिनेटमध्ये नळी उघडून आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) वेगळा काढायचा, मग मशीनला लावायचं. प्लेटला ९६ खाचा. त्यातल्या काही कंट्रोलच्या, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या. ज्या खाचेत काहीच दिसायला नको तिथे मशीनच्या पडद्यावर रेघ वर चढली तर अख्खी प्लेट बाद, सगळं पुन्हा. पीपीईत घामाने चष्म्यावर वाफ धरलेली असते, तो पुसता येत नाही. अशा रात्री एका जिल्ह्याचा एकही अहवाल बाहेर पडत नाही आणि सकाळी पेपरात छापून येतं, "जिल्ह्यात आज एकही नवा रुग्ण नाही, मोठा दिलासा". दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचे अहवाल एकदम जातात, मग "कोरोनाचा स्फोट".

तो दिलासाही आमच्या प्लेटचा आणि स्फोटही तिचाच.

संख्यारेखा | २७ एप्रिल, सकाळी ९:२०

थंडपेटी, हे इतक्या नीट कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारच्या ८११ आणि रविवारच्या ४४० मागे अशा किती प्लेटा असतील. काळजी घ्या, झोपा आता.

रोखठोक | २७ एप्रिल, दुपारी १:३०

सगळं समजलं, पण एक मुद्दा स्पष्ट मांडतो. "आकड्यांवर जाऊ नका, तपासण्या वाढल्या म्हणून आकडे वाढले" हे वाक्य आता प्रत्येक अपयश झाकायला वापरलं जाईल. मार्चमध्ये परदेशातून आलेले आणि त्यांच्या संपर्कातले, एवढ्यांचीच तपासणी होत होती. निमोनियाने दवाखान्यात पडलेल्यांची तपासणी करायची परवानगीच २० मार्चच्या सुमारास मिळाली. तोवर गेलेल्यांची नोंद कशात झाली? लोक घाबरले ते आकडा मोठा म्हणून नाही, तो खरा आहे यावर विश्वास नाही म्हणून.

मी रुग्णसंख्या बघतच नाही. मृत्यू किती आणि खाट मिळते का, एवढंच बघतो. मृत्यू लपवता येत नाही.

संख्यारेखा | २७ एप्रिल, दुपारी ३:१०

रोखठोक, पहिल्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. म्हणूनच प्रमाण बघा म्हणते. तपासण्या दुप्पट झाल्या आणि पॉझिटिव्हचं प्रमाण तेवढंच राहिलं तर "तपासण्या वाढल्या म्हणून" हे उत्तर पटण्यासारखं. प्रमाणही चढत असेल तर ते उत्तर खोटं. त्यामुळे ते वाक्य कुणी ऐकवलं तर याच कसोटीवर घासून बघता येतं.

मृत्यूबद्दल मात्र एवढी खात्री बाळगू नका. मृत्यूचा आकडा रुग्णसंख्येच्याही मागून येतो, आणि तोही कुणीतरी फॉर्म भरून, कारण ठरवून पाठवलेला असतो. वुहानने १७ एप्रिलला आपला मृतांचा आकडा दुरुस्त केला, एकदम १,२९० वाढले आणि ३,८६९ झाले. घरी गेलेले, दवाखान्यांकडून कळवायचे राहिलेले, असे त्यात होते.

वाळव्याचा | २८ एप्रिल, रात्री ९:००

इस्लामपूर आमचं तालुक्याचं गाव, म्हणून लिहितो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्रभर आमच्या गावाचंच नाव होतं. २३ मार्चला चौघे पॉझिटिव्ह, मग रोज वाढत वाढत २६. टीव्हीवर लाल गोल फिरायचा आणि मध्ये इस्लामपूर. माझा मामेभाऊ भाजी घेऊन कराडकडे गेला तर गाडीचा नंबर आणि गाव विचारून परत लावली. ढबू मिरची दोन दिवस गाडीतच, शेवटी जनावरांपुढे टाकली. पुण्यातले पाहुणे फोन करायचे, "तुमच्या घरापासून किती लांब आहे?" बाधित घरांतल्या लोकांबद्दल, त्यांच्या धर्माबद्दल जे काय लिहिलं गेलं ते इथे परत लिहिणार नाही.

आता ऐका. ते २६ जण बहुतेक एकमेकांचे नातलग, म्हणजे आजार गावभर पसरलेला नव्हता. भोवतालचा भाग सील केला, आशाताई घरोघर फिरल्या. १० एप्रिलच्या सुमारास त्यांतल्या बहुतेकांचे फेरस्वॅब निगेटिव्ह आले. २६ हा आकडा ज्यांनी वाचला त्यांतल्या किती जणांनी ही दुसरी बातमी वाचली? टीव्हीवर लाल गोल काढणाऱ्यांनी त्या दिवशी हिरवा गोल काढला नाही.

खाडीपलीकडे | २८ एप्रिल, रात्री ९:३०

ढबू मिरचीचं वाचून वाईट वाटलं हो.

संख्यारेखा | १ मे २०२०, रात्री १०:५०

महाराष्ट्र दिन, राज्याची साठ वर्षं, आणि आज एका दिवसात १,००८ नवे रुग्ण. एकूण ११,५०६. चार आकडी संख्या बघून लोक हादरलेत ते समजतं. पण ९९० झाले असते तर आपण एवढे घाबरलो नसतो, आणि त्या दोन्हींत फरक काहीच नाही. साथीच्या धोक्याप्रमाणे जिल्ह्यांना रंगही मिळालेत, आपले १४ लाल, १६ नारिंगी, ६ हिरवे. आता लोक जिल्ह्याचा रंग बघून घराबाहेर पडायचं की नाही ते ठरवणार. रंगाची सीमा जिल्ह्याची आहे, माणसाच्या श्वासाची नाही.

पो_नदीकाठ | ५ मे २०२०, दुपारी ३:४५ (भारतीय वेळ)

मिलानजवळ राहते, मूळची साताऱ्याची. इटलीत कालपासून थोडी मोकळीक मिळाली, म्हणून आज लिहायला बळ आलं.

इथे रोज संध्याकाळी सहाला नागरी संरक्षण विभागाची पत्रकार परिषद असायची. मार्चमध्ये आम्ही पावणेसहापासूनच टीव्हीसमोर. २१ मार्चला एका दिवसाचे मृत्यू ७९३ सांगितले. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत कुणाच्याच घरून आवाज आला नाही. आधी गॅलऱ्यांमधून गाणी म्हणत होते, ती तोवर थांबली होती.

पण तेही आकडे पुरे नव्हते. रोखठोक म्हणतात मृत्यू लपवता येत नाही. लपवला नाही तरी सुटतो. वृद्धाश्रमांत, घरांत जे गेले त्यांतल्या अनेकांची तपासणीच झाली नव्हती. बर्गामोच्या स्थानिक दैनिकात निधनाच्या जाहिराती एरवी एक-दीड पान, मार्चच्या मध्यावर त्या दहा पानांवर गेल्या. आम्हाला आधी तिथून कळलं, मग सरकारकडून. काल इथल्या सांख्यिकी संस्थेने मार्च महिन्याचे एकूण मृत्यू, कोणत्याही कारणाने झालेले, आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिले. देशभरात ४९ टक्के जास्त. एकट्या बर्गामो प्रांतात ५६८ टक्के जास्त. म्हणजे एरवी एक जातो तिथे सहापेक्षा जास्त गेले.

तुमच्याकडे काही मोजायचंच असेल तर हे मोजा. पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत या महिन्यात किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती. कारण काय लिहिलंय ते क्षणभर बाजूला ठेवा.

रोखठोक | ५ मे, संध्याकाळी ५:२०

पो_नदीकाठ, मोलाचं लिहिलंत. एक अडचण सांगतो. लॉकडाऊनमध्ये रेल्वे अपघात जवळपास बंद, रस्त्यावरचे अपघातही कमी. मुंबईत लोकलमुळेच वर्षाला हजारोंनी माणसं जातात. ते मृत्यू कमी झाले, कोरोनाचे वाढले, तर बेरीज तेवढीच दिसेल. शिवाय कार्यालयं अर्ध्या मनुष्यबळावर, नोंदीच उशिरा होणार. तरीही हे मोजायला हवं, यात दुमत नाही.

उगवती | १७ मे २०२०, सकाळी १०:३०

ताई, २४ एप्रिलला दिल्लीत नीती आयोगाच्या सदस्यांनी जो आलेख दाखवला होता त्यात १६ मेपर्यंत नवे रुग्ण शून्यावर येणार असं दिसत होतं. माझ्या वडिलांनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला होता. त्यांना १८ ला डायलिसिसच्या नव्या केंद्रात नाव घालायचं होतं, म्हणाले तोवर सगळं सुरळीत होईल. आज सकाळी देशाचे नवे रुग्ण ४,९८७. बाबांनी काही न बोलता पान उलटलं. असा आलेख दाखवतात तरी कशाला?

संख्यारेखा | १७ मे, दुपारी १२:१५

उगवती, बाबांचं डायलिसिस आधी. त्यासाठी कुठलीही तारीख थांबायची नाही. सध्या जिथे चालू आहे तिथे वार चुकू देऊ नका. नवं केंद्र डायलिसिसआधी कोविड तपासणी मागतं का, ते फोन करून आजच विचारून घ्या.

आता आलेखाबद्दल. हातातल्या आकड्यांवरून एक वक्ररेषा बसवली आणि ती पुढे ओढली, की ती कुठेतरी शून्याला टेकणारच. पुढे ओढलेल्या रेषेला सगळ्यांनी नियम पाळले, विषाणूने वाट बदलली नाही, तपासणीचे निकष तेच राहिले, असं बरंच काही गृहीत लागतं. असा आलेख दाखवताना त्याच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा पट्टा दाखवायला हवा होता, रुंदच रुंद. तो नव्हता. माझं मत स्पष्ट आहे. देशाला टीव्हीवरून आलेख दाखवला तर तो घरातल्या माणसाला कसा कळेल, ही जबाबदारी दाखवणाऱ्याची. तुमच्या बाबांनी जे दिसत होतं तेच वाचलं.

चाकरमानी | २० मे २०२०, रात्री ८:००

लालबागच्या चाळीतून ई-पास काढून बायको-पोरांसह गावी आलोय. सिंधुदुर्ग हिरव्या यादीत होता, म्हणून जिवात जीव आला होता. तपासणी नाक्यावर डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला. गावच्या प्राथमिक शाळेत १४ दिवस. माझ्याच शाळेत, चौथीच्या वर्गात. घरून डबा येतो, तो व्हरांड्यात ठेवून माणूस लांब उभा राहतो. ते सगळं मान्य, नियम आहे.

वाईट कशाचं वाटतं सांगू? रात्री ग्रामकृती दलाची पोरं बाहेर गप्पा मारतात, "मुंबईवाल्यांनी आकडा वाढवला". गणपतीला, शिमग्याला मुंबईहून पैसे आले की तेव्हा आम्ही गावचे. देवळाच्या पत्र्यावर माझ्या बापाचं नाव आहे.

सड्यावरची | २० मे, रात्री १०:१०

दादा, मी तुमच्याच बाजूच्या तालुक्यातली, आशा सेविका आहे. तुमचं दुःख कळतं, पण गावाचीही बाजू लिहिते. आमच्या वाडीत निम्मी घरं म्हाताऱ्यांची. साठ-सत्तरच्या पुढची एकटी माणसं, कुणाला दमा, कुणाला साखर. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑक्सिजनचे सिलिंडर मोजके. व्हेंटिलेटर म्हणाल तर जिल्ह्याच्या गावी, आणि रात्री तिथे जायचं कसं हा प्रश्न वेगळाच. मुंबईत आकडा शंभरने वाढला तरी कळत नाही. आमच्याकडे दोनने वाढला तर ती दोन माणसं कोण हे नाव-गाव-घराण्यासकट सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून भीती जास्त.

पोरं बोलतात ते चूकच. मी उद्या सरपंचांना सांगते की शाळेबाहेर रात्री बसू नका. तुमच्या लहान्याला ताप वगैरे नाही ना? रोज दोनदा तापमान बघा, आणि मला न लाजता फोन करा. फोन केला की आकड्यात येऊ, या भीतीने लोक ताप लपवायला लागलेत. ते मला सगळ्यात भयंकर वाटतं. गेल्या आठवड्यात एका घरी तापाची गोळी देऊन मुलाला मागच्या खोलीत झोपवलं होतं आणि मला "सगळे बरे आहेत" म्हणाले.

चाकरमानी | २० मे, रात्री १०:४०

पोरं बरी आहेत ताई. धन्यवाद. पत्र्यावरच्या नावाचं लिहायला नको होतं असं काही वाटत नाही, पण तुमचंही पटलं.

उगवती | ३० मे २०२०, सकाळी ८:५०

काल राज्यात एका दिवसात ८,३८१ जण बरे होऊन घरी गेले! रोज मोठा आकडा वाईटच असतो, हा पहिला चांगला. बाबाही खूश. यातही काही गोम आहे का ताई?

संख्यारेखा | ३० मे, सकाळी ११:३०

माणसं बरी झाली हे खरंच आहे, आनंद माना. फक्त ती सगळी काल बरी झाली असं नाही. ८ मेला घरी सोडण्याचे निकष बदलले. आधी दोन अहवाल निगेटिव्ह यावे लागायचे. आता सौम्य लक्षणं असतील तर दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला की फेरतपासणीशिवाय सोडतात. जे त्या निकषात बसत होते त्यांच्या नोंदी साठल्या होत्या, त्या एकदम आल्या. चीनमध्ये याच्या उलट झालं होतं. फेब्रुवारीत हूबेईने नुसत्या प्रयोगशाळेच्या अहवालाऐवजी छातीचं स्कॅन बघून निदान झालेलेही धरायला सुरुवात केली आणि एका दिवसात १४,८४० रुग्ण वाढले. अख्खं जग त्या रात्री हबकलं. विषाणूने त्या रात्री वेगळं काहीच केलं नव्हतं.

मांडवीतीर | २ जून २०२०, संध्याकाळी ६:१५

गोव्याहून. आमचे पहिले तीन रुग्ण २५ मार्चला, पुढे एकूण सात झाले, आणि १९ एप्रिलला सातही बरे. शून्य! काय तो आनंद. पर्यटन कधी सुरू करायचं, यावर चर्चा चालू. मे महिन्याच्या मध्यावर बाहेरून आलेल्यांचे अहवाल पॉझिटिव्ह येऊ लागले तेव्हा लोकांनी एकच धोशा लावला, सीमा बंद करा, पत्रादेवीचा नाका बंद, पोळ्याचा नाका बंद. सगळं लक्ष बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर. आणि आता वास्कोचा मांगोर हिल. काल तो सगळा भाग कंटेन्मेंट झोन केला. तिथे तर वस्तीच्या आत पसरलंय.

मला वाटतं त्या शून्याने आमचं नुकसान केलं. शून्य आहे म्हटल्यावर खोकला झालेला माणूसही दवाखान्यात जाईना आणि डॉक्टरही तपासणी सुचवीनात. आता वास्कोच्या माणसाला पणजीत भाडेकरू म्हणून कुणी ठेवत नाही. इस्लामपूरच्या भावाने लिहिलं तेच आमच्याकडे.

वाळव्याचा | २ जून, रात्री ८:३०

वास्कोवाल्यांना सांगा, दिवस जातात. आता आमची भाजी कराडात उतरते.

खाडीपलीकडे | ८ जून २०२०, सकाळी ७:४०

काल महाराष्ट्र ८५,९७५, चीन ८३,०३६. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी स्कोअरकार्ड बनवून टाकलंय, आपण चीनला "हरवलं" असं. खाली हसण्याच्या खुणा. मी ग्रुप सोडला. आमच्या सेक्शनमधले एक जण गुरुवारी गेले, ५१ वर्षांचे. ते या ८५,९७५ मध्ये आहेत.

संख्यारेखा | ८ जून, सकाळी ९:०५

वाईट झालं. त्यांच्या घरच्यांना काही मदत लागली तर कळवा, कागदपत्रांत तरी मी उपयोगी पडेन.

त्या तुलनेबद्दल. चीनची मोजायची पद्धत मधल्या काळात कितीदा तरी बदलली, लक्षणं नसलेले पॉझिटिव्ह ते बराच काळ वेगळ्या यादीत ठेवत होते, आपण पहिल्यापासून एकत्र मोजतो. त्यांचा तो जवळजवळ थांबलेला आकडा, आपला चढता. या दोन संख्या शेजारी मांडून कुणालाही काही कळत नाही, फक्त थरार मिळतो.

रोखठोक | १७ जून २०२०, सकाळी ८:१०

आता बोला. काल राज्याने जुने १,३२८ मृत्यू एका फटक्यात यादीत घातले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले. राज्याचा एकूण ५,५३७. देशाचा आकडा एका दिवसात दोन हजारांहून जास्त वाढला. मार्च-एप्रिलमध्ये "मृत्युदर आटोक्यात" म्हणून जे सांगितलं जात होतं, ते कोणत्या मृत्यूंवर? मी इथे लिहिलं होतं की लोकांचा आकड्यांवर विश्वास नाही. का नाही, ते काल दिसलं.

थंडपेटी | १७ जून, दुपारी २:२०

रुग्णालय एका पोर्टलवर भरतं, प्रयोगशाळा दुसऱ्यावर, पालिका तिसरीकडे. माणूस राहतो ठाण्यात, दाखल मुंबईत, स्वॅब तिसऱ्याच ठिकाणचा. तो गेल्यावर त्याचा मृत्यू कोणी कळवायचा? प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने कळवला. वर समिती बसते, कारण ठरवते, त्यात आठवडे जातात. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं खरं असूनही १,३२८ घरांना आपल्या माणसाची नोंद झाली नाही हे कळायला दोन-दोन महिने लागले, याचं समर्थन मी करणार नाही.

संख्यारेखा | १७ जून, रात्री ९:४५

रोखठोक, तुमचा राग रास्त आहे, आणि मला त्यात एक भर घालायची आहे. हे १,३२८ कोणत्या तारखांचे ते कालच्या पत्रकातून नीट कळत नाही. सगळे १६ जूनला लागले. आता सगळीकडे जूनमध्ये मोठा सुळका दिसतोय आणि एप्रिल-मे शांत दिसतायत. उद्या कुणी या आलेखावरून अभ्यास केला तर निष्कर्षच चुकेल. कुठल्या आठवड्यात खाटा कमी पडल्या, कुठे उशीर झाला, ते शोधायला मृत्यूची खरी तारीख हवी. नुसती नोंदीची तारीख उपयोगाची नाही. दडवलं म्हणा, राहून गेलं म्हणा, दोन्ही बाबतींत मागणी एकच निघते. रोजच्या तक्त्यात मृत्यूची तारीख, स्वॅब घेतल्याची तारीख आणि त्या दिवशी तपासलेले नमुने, हे तीन रकाने घाला. नावं नकोत, पत्ते नकोत.

पो_नदीकाठ | १८ जून, रात्री १२:३०

आणि चौथा, सर्व कारणांचे मिळून त्या दिवशीचे मृत्यू. प्रत्येक पालिकेकडे ते असतंच.

सड्यावरची | १८ जून, सकाळी ६:५०

गावाच्या तक्त्यात वय आणि वाडीसुद्धा नको. आमच्याकडे वाडी लिहिली की नाव लिहिल्यासारखंच होतं. तालुका पुरे.

संख्यारेखा | १८ जून, सकाळी १०:००

दोन्ही सूचना घेतल्या. आज संध्याकाळपर्यंत निवेदनाचा मसुदा इथेच टाकते. थंडपेटी, पोर्टलच्या भाषेत काही चुकत असेल तर दुरुस्त करा. रोखठोक, शब्द कडक ठेवायचे का, ते तुम्ही बघा, पण आरोप न करता मागणी करू. आपापल्या पालिकेला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला प्रत्येकाने स्वतंत्र ईमेल करायचा आहे. खाडीपलीकडे, डोंबिवलीचं तुम्ही बघाल का?

खाडीपलीकडे | १८ जून, सकाळी १०:२५

बघतो. कल्याणचा एक मित्रही तयार आहे.